बाबांच्या संगतीनं केलेली पीएचडी

माझ्या सासूबाई शेजारणींना सांगत, "सून हाडांच्या दुखण्यावर शिकून राहिली." मग त्या शेजारणी आपापले गुडघे घेऊन माझ्याकडे येत. रायपुरातल्या तात्यापारा वस्तीत आमच्या घराच्या ओट्यावर बसून मी त्यांना शेक घ्या, चालत जा, असं काहीबाही सांगे. आई, म्हणजे सासूबाईच, आतून डोळ्यांनी खुणावत, की याच्यापुढे आता काही बोलू नको.

खरं तर माझा विषय होता प्रोस्टेटचा कॅन्सर शरीरात कसा पसरतो. पुरुषांच्या मूत्राशयाखाली अक्रोडाएवढी ही ग्रंथी असते. तिथला कॅन्सर कित्येकांच्या बाबतीत वर्षानुवर्षं जागचा हलत नाही. काहींच्या बाबतीत मात्र तो तिथून सुटतो, रक्तात उतरतो आणि हाडं गाठतो. मणके, कंबर, खुबा. रक्त सगळीकडेच फिरतं, मग याला हाडंच का आवडतात, एवढाच माझा प्रश्न होता. त्यामुळे आईंचं सांगणं अगदी खोटं नव्हतं. निम्मं खरं होतं, उरलेलं त्यांनी लाजेपायी गाळलं होतं.

लग्न होऊन मी अमरावतीहून आले तेव्हा रायपूर नुकतंच राजधानी झालं होतं. नवऱ्याची बदली नव्या राज्याच्या कार्यालयात झाली होती. जिकडे तिकडे रस्ते खोदलेले, जुन्या बंगल्यांवर नव्या पाट्या, लाल दिव्यांच्या गाड्या. एका जुन्या हॉस्पिटलच्या इमारतीत तर सरकारच येऊन बसलं होतं. हॉस्पिटल दुसरीकडे हललं. त्या हलवाहलवीत पॅथॉलॉजी विभागातली जुन्या तपासण्यांची कपाटं मात्र सुखरूप नव्या जागी पोचली, आणि त्यावरच माझी पीएचडी उभी राहणार होती.

त्या कपाटांत मेणाचे छोटे ठोकळे होते. बायोप्सीत काढलेला मांसाचा तुकडा मेणात घालून ठेवला, की तो अनेक वर्षं टिकतो. मी त्या ठोकळ्यांचे कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ काप काढी आणि रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली बघे. पेशींच्या पृष्ठभागावरचं एक प्रोटीन मी शोधत होते. ते असलं तर काप तपकिरी दिसे, नसलं तर नुसता निळा. माझा अंदाज असा, की हे प्रोटीन पेशीला हाडाशी चिकटायला मदत करतं. म्हणजे ज्यांचा काप सुरुवातीलाच गडद तपकिरी, त्यांच्या हाडांत पुढे आजार गेलेला असणार.

पण पुढे काय झालं ते ठोकळा सांगत नाही. त्यासाठी माणूस शोधावा लागतो.

माझ्या गाइड मॅडमनी हॉस्पिटलच्या समितीची परवानगी काढून दिली, जुने पत्ते दिले आणि म्हणाल्या, जा, भेट. मी स्कूटी काढली आणि पुरानी बस्तीत गेले. पहिल्या घरी एक आजोबा खाटेवर बसले होते. मी हिंदीत सांगितलं, हॉस्पिटलमधून आले आहे, तुमच्या लघवीच्या त्रासाबद्दल थोडं विचारायचं आहे. त्यांनी माझ्याकडे बघितलं, माझ्या मंगळसूत्राकडे बघितलं, "बेटी, मेरी तबीयत एकदम ठीक है," म्हणाले आणि भिंतीकडे तोंड करून आडवे झाले. दुसऱ्या घरी मुलगा दारात आला. म्हणाला, पिताजी बाहर गए हैं. आतून पिताजी खोकत होते.

संध्याकाळी घरी चहा पिताना मी हे नवऱ्याला सांगत होते. सासरे समोर पेपर वाचत बसले होते. आमच्या घरी त्यांच्यासमोर असलं काही बोलायची पद्धत नव्हती, पण मी इतकी वैतागले होते, की भान राहिलं नाही. पेपर हळूहळू खाली आला.

"कोणी सांगते का असं पोरीले?" बाबा म्हणाले. "मीही नसतं सांगितलं."

"मग मी काय करू, बाबा?"

त्यांनी पेपराची घडी घालून बाजूला ठेवली. मग म्हणाले, "मी येतो न संग. मले काय काम आहे? दिवसभर हाच पेपर उलटून पालटून वाचून राहिलो."

बाबा रेल्वेच्या पार्सल ऑफिसातून रिटायर झाले होते. पत्ता सापडत नाही, हे त्यांना पटायचंच नाही. मॅडमनी त्यांना बोलावून घेतलं, समोर बसवून नीट समजावलं, की कुणाच्या आजाराबद्दल बाहेर एक शब्द बोलायचा नाही, आणि तशा कागदावर त्यांची सही घेतली. त्या सहीनं बाबांना दहा वर्षांनी तरुण केलं. त्या दिवशी घरी आल्यावर आईंनी साधंच विचारलं, "कुठं गेले होते?"

"सांगता येत नाही," बाबा म्हणाले. "सही केली आहे."

"अख्खा संसार केला यांच्यासंग," आई मला म्हणाल्या, "अन् आता सांगता येत नाही म्हणते!"

मग आम्ही निघालो. मी स्कूटीवर पुढे, बाबा मागे, डोक्याला ओला गमछा गुंडाळून. नव्या राजधानीत जुने पत्ते शोधणं म्हणजे एक खेळच होता. कागदावर लिहिलेलं असे, पिंपळाजवळ. पिंपळ रस्ता रुंद करताना गेलेला. लिहिलेलं असे, शाळेमागे. शाळेच्या जागी कुठल्याशा खात्याचं कार्यालय. बाबा उतरून पानठेल्यावर विचारत, पोस्टमनला गाठत, एखाद्या म्हाताऱ्याशी अर्धा तास बोलत आणि परत येऊन म्हणत, "चाल, सापडला."

दारात गेल्यावर ते आजाराचं नावही काढत नसत. "राम राम. रेल्वेतून रिटायर झालो. थोडा बैठूं क्या?" आधी पाणी. मग गाव कुठलं. मग ऊन किती, लाइट किती वेळ जाते. आणि मग अगदी सहज, "रात को उठना पड़ता है क्या, भैया? मुझे तो पड़ता है." एवढं म्हटलं, की समोरचा माणूस मोकळा होई. कुणी कधी विचारलंच नव्हतं त्याला. त्यानंतर बाबा सांगत, की आपण कुठून आलो, सून काय शिकते, आणि सांगायचं नसेल तर सांगू नका. कुणी नाही म्हटलं तर आम्ही चहा पिऊन उठत असू. पण बहुतेक जण 'हव', म्हणजे हो, म्हणत.

मी तोवर आत बायकांत बसलेली असे. तिथंही कळायचंच. "कमर पकड़ के बैठ जाथे," एक म्हातारी म्हणाली आणि स्वतःची कंबर धरून तिनं मला दाखवलं, नवरा खाटेवरून उठता उठता कसा परत खाली बसतो ते. गल्लीत परत आल्यावर बाबा भिंतीकडे बघत मला अहवाल देत, माझ्याकडे कधीच नाही. "त्याले कंबरेत दुखते. डाव्या बाजूनं. पाय जड पडते म्हणे." मी लिहून घेई. कुणाच्या कंबरेचं दुखणं वाढलेलं वाटलं, तर मॅडमना लगेच कळवून त्याला तपासणीला बोलावून घेत असू. हाडांच्या स्कॅनसाठी आमच्याकडच्या लोकांना तेव्हा बहुधा नागपूर गाठावं लागे. कुणाबरोबर कोण जाणार, कुठल्या गाडीनं, ते बाबा ठरवून देत.

काही घरांत आम्हाला उशीर झालेला असे. भिंतीवर हार घातलेला फोटो. अशा घरी बाबा काही विचारत नसत. फोटोला हात जोडून बसून राहत. घरचीच माणसं मग सांगत, शेवटी हाडं किती दुखली, कूस बदलता येईना. तिथून निघाल्यावर बाबा म्हणत, "तळ्यापाशी थांबव." आम्ही काठावर थोडा वेळ बसत असू. तेव्हा कॅन्सरबद्दल बोलणं नाही, संशोधनाबद्दल नाही. बाबा एखादी पार्सल ऑफिसातली गोष्ट सांगत, कुणाच्या टोपलीतून कोंबड्या कशा सुटल्या आणि प्लॅटफॉर्मभर कशा धावल्या. मी हसले, की ते उठत.

"मुझे तो पड़ता है" हे वाक्य मी पडद्याआडून इतक्यांदा ऐकलं, की मला वाटे, लोकांना बोलतं करायची ही त्यांची युक्ती असावी. एकदा मी कौतुकानं आईंजवळ बोलून गेले, तर आई म्हणाल्या, "युक्ती कायची? रोज उठते ते." मग आम्ही दोघी त्यांच्या मागे लागलो. बाबांचं एकच उत्तर, "मी संशोधनातला माणूस आहे. पेशंट नाही." शेवटी मॅडमनीच सांगितलं, तुमचं रक्त तपासून झाल्याशिवाय पुढच्या घरी जायचं नाही. बाबा तपासून आले. वयानं ग्रंथी वाढली होती, दुसरं काही नव्हतं. एक गोळी सुरू झाली. त्यानंतर आईंनी शेजारणींना हाडांचं सांगणं बंद केलं. "तुमच्या मालकाले विचारा, रात्री उठते का," असं त्या स्वतःच सांगू लागल्या. आणि गंमत म्हणजे, गुडघे दाखवायला येणाऱ्या बायका आता नवऱ्यांना घेऊन येऊ लागल्या.

हळूहळू माझा अंदाज बरोबर येतोय असं दिसू लागलं. गडद तपकिरी कापाची माणसं बहुतेक हाडांच्या दुखण्यानं गेलेली किंवा अंथरुणाला खिळलेली. निळ्या कापाची माणसं बाजारातून भाजी घेऊन येताना भेटत. कागदावर ते फार सुरेख दिसत होतं. मी मॅडमना दाखवलं, त्याही खूश होत्या.

मग आम्ही उरल्याला गेलो.

उरला म्हणजे पोलाद आणि रोलिंग मिलांचा भाग. ट्रकांची रांग, झाडांच्या पानांवर काळी धूळ. तिथं राहणाऱ्या एका माणसाचा काप मी थोड्याच दिवसांपूर्वी पाहिला होता. या काठापासून त्या काठापर्यंत तपकिरी. पेशी अशा विस्कटलेल्या, की ग्रंथीचा आकारच उरला नव्हता. ग्रंथीच्या ऑपरेशननंतर थोडे दिवस तो माणूस दाखवायला आला आणि मग आलाच नाही. त्याच्या घरी काय दिसणार, हे मी धरूनच चालले होते. चेहरा कसा ठेवायचा तेही ठरवलं होतं.

वस्तीत शिरल्यावर पत्त्यावरून आमची दोघांची जुंपली. मी म्हणत होते डावीकडे, बाबा म्हणत होते आधी विचारू. एका घराच्या दारात उभी असलेली वयस्क बाई ते ऐकून हसली. "मराठी आहात काय तुम्ही? कोण पाहिजे?"

मी नाव सांगितलं, तर ती म्हणाली, "हेच घर न. मागं आहेत ते, भाजीले पाणी देऊन राहिले."

घरात समोरच्या भिंतीवर बाबासाहेबांचा आणि बुद्धाचा फोटो होता. बाजूला रोलिंग मिलमधून निवृत्त होताना मिळालेलं घड्याळ. दुसरा फोटो नव्हता. मागच्या दारातून एक उंच, काटक माणूस बादली हातात घेऊन आत आला. "जय भीम," म्हणाला.

"जय भीम, भाऊ," बाबा म्हणाले. "गाव कोणतं?"

गाव भंडाऱ्याकडचं निघालं. बाबांच्या आजोळापासून जवळच. मग काय, पाणी, चहा, तांदूळ, नदी, कोण कुठं गेलं. मला आत बसायचीही गरज पडली नाही. ती दोघं नवराबायको माझ्यासमोरच मोकळेपणानं बोलत होती.

"ऑपरेशन झालं," काका म्हणाले. "दोन-तीनदा दाखवलं. मग एक दिवस गेलो, तर गेटवर पोलीस. म्हणे, इथं आता सरकार बसते. मी म्हटलं, माझा डॉक्टर? तो म्हणे, डॉक्टर गेले दुसरीकडं. मी म्हटलं, जाऊ द्या. मले तर काही होऊन नाही राहिलं. मंत्र्याले कायले दाखवू?"

बाबा इतके हसले, की त्यांना ठसका लागला.

"कंबर दुखते का हो, काका?" मी विचारलं.

"बाई, लोखंड ओढण्यात जिंदगी गेली. कंबर तर जवान होतो तेव्हापासूनच दुखते. त्याच्याहून जास्त नाही." आणि मला विश्वास वाटावा म्हणून त्यांनी भरलेली बादली उचलून दाखवली.

निघताना काकूंनी लाल भाजीची जुडी आणि दोडके पिशवीत घालून दिले. मोठ्या रस्त्यावर बाबांनी चहाच्या टपरीपाशी थांबायला लावलं. ट्रकांचा आवाज चालू होता. मी चहाचा ग्लास नुसता धरून बसले होते.

"काय झालं?" बाबांनी विचारलं.

"बाबा, यांच्या कापात ते प्रोटीन सगळ्यात जास्त होतं. यांच्या हाडांत आजार जायलाच हवा होता."

"मग?"

"मग काय? माझं म्हणणं यांच्या बाबतीत चुकलं."

बाबांनी ग्लास बाकावर ठेवला. ते माझ्यावर कधी रागावले नव्हते. त्या दिवशी पहिल्यांदा आवाज चढला. "पोरी, माणूस जिवंत निघाला न? किती घरी आपण हार घातलेले फोटो पाहिले! आज एकानं बादली उचलून दाखवली, त्याच्या बायकोनं भाजी बांधून दिली, अन् तू इथं तोंड पाडून बसून राहिली? काहून?"

टपरीवाला आमच्याकडे बघत होता. पिशवीतून दोडके बाहेर आले होते, त्यांच्याकडे बघून मला एकदम हसू आलं आणि डोळ्यांत पाणीही आलं. बाबा लगेच वरमले. "बरं, बरं. पी चहा. थंडा होऊन राहिला."

पुढच्या आठवड्यात बाबा स्वतः उरल्याला जाऊन काकांना हॉस्पिटलच्या नव्या जागेत घेऊन आले. रक्त झालं, एक्स-रे झाले, नागपूरचा स्कॅनही झाला. त्या प्रवासालाही बाबाच बरोबर गेले आणि येताना दोघं जण संत्री घेऊन आले. हाडं स्वच्छ होती.

मी मॅडमना विचारून बघितलं, की ऑपरेशनमुळेच बरं वाटलं असेल, तर यांना हिशेबातून वेगळं ठेवता येईल का? मॅडम म्हणाल्या, तेच ऑपरेशन झालेले बाकीचे गेले ना? मग यांना वेगळं कसं ठेवणार? हा काप तुझ्या सगळ्या कामातला सगळ्यात महत्त्वाचा आहे, आता नीट बघ.

मी परत सगळे ठोकळे काढले. नीट शोधल्यावर असे आणखी दोघं-तिघं सापडले. काप तपकिरी, हाडं ठणठणीत. माझा दावा त्यामुळे लहान झाला. हे प्रोटीन असलं तर हाडांकडे जायचा धोका वाढतो, एवढंच मला म्हणता आलं. पण पेशी पोचूनही काहींच्या हाडांत तिला थारा मिळत नाही, तिथं तिला कोण अडवतं, हा प्रश्न त्यातून उभा राहिला. प्रबंधातलं शेवटचं प्रकरण त्यावरच आहे, आणि ते लिहिताना माझा अख्खा हिवाळा गेला. मला विचाराल तर तेवढंच प्रकरण वाचण्यासारखं आहे.

तोंडी परीक्षेला बाबा इस्त्रीचा शर्ट घालून आले होते. आई बाजूला बसल्या होत्या. बाहेरगावाहून आलेले परीक्षक सगळं शांतपणे ऐकत होते. शेवटी त्यांनी तोच काप पडद्यावर लावायला सांगितला. हा माणूस का वाचला, त्यांनी इंग्रजीतून विचारलं.

"माहीत नाही, सर," मी म्हणाले. मग ते शोधायचं झालं तर मी कुठून सुरुवात करीन, ते सांगितलं.

त्यांनी मान हलवली आणि कागद आवरले. मागे बाबांचा चेहरा पांढरा पडला होता. बाहेर व्हरांड्यात आल्या आल्या त्यांनी मला बाजूला घेतलं. "माहीत नाही काहून म्हटलं? काहीतरी सांगायचं न!"

"नाहीच माहीत, बाबा."

"अरे, पण परीक्षेत असं म्हणते का कोणी?"

तेवढ्यात दार उघडलं आणि मॅडमनी मला डॉक्टर म्हणून हाक मारली. बाबा आईंकडे वळून म्हणाले, "माहीत नाही म्हटलं तरी पास करून राहिले हे लोक." आणि ते पेढे आणायला गेले.

पुढच्या रविवारी आम्ही तिघं पेढे घेऊन उरल्याला गेलो. परीक्षकांनी तुमच्याबद्दल विचारलं, असं मी काकांना सांगितलं, तर ते लाजले आणि म्हणाले, "मग काय सांगितलं तू?" बाबांनी परस्पर उत्तर दिलं, "सांगितलं, भाऊ दोडके खाते."

त्यानंतर बरीच वर्षं दोघांचं जाणं-येणं राहिलं. बाबांचे गुडघे थकल्यावर काकाच काकूंना घेऊन सिटी बसनं आमच्याकडे येऊ लागले. आई आणि काकू स्वयंपाकघरात. हे दोघं ओट्यावर. नवी राजधानी शहराबाहेर किती दूर बांधून राहिले, तिथं आपल्यासारखा माणूस कागद घेऊन पोचणार कसा, यावर दोघांचं तासन् तास चाले. आजाराचा विषय कधी निघत नसे. वर्षातून एकदा काकांच्या तपासणीसाठी मी सुई आणि रक्ताची नळी घेऊन बाहेर येई. काका बोलणं न थांबवता शर्टाची बाही वर करून हात माझ्यापुढे धरत.